पथ्य सुरू झाले, पण संपणार कधी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: 41 वर्षांच्या एका वाचक भगिनीला दोन वर्षांपासून थकवा, पोट फुगणे आणि सकाळी सांधे आखडणे हा त्रास आहे. तपासण्यांचे अहवाल ‘नॉर्मल’ आले आणि डॉक्टरांनी पाच मिनिटांत बोळवण केली, तेव्हा त्या सर्वांगीण उपचार करणाऱ्या एका उपचारकांकडे गेल्या. तिथे पहिल्याच भेटीत त्यांचे दीड तास ऐकून घेतले गेले. गहू, दूध, साखर आणि कॉफी बंद झाली आणि तीन आठवड्यांत खूप हलके वाटू लागले. पुढे रक्ताच्या एका तपासणीवरून आणखी 23 पदार्थ वर्ज्य ठरले, आणि दर दीड महिन्याने नऊ दिवसांची शरीरशुद्धी सुरू झाली. त्या दिवसांत फक्त रस घ्यायचे, पहाटे तंतुमय पूड व शुद्ध केलेला कोळसा घ्यायचा आणि शेवटच्या रात्री तेल व लिंबाचा रस. मागच्या वेळी पोटातून हिरवट खडे पडलेले त्यांनी स्वतः पाहिले. आज सात महिन्यांनंतर त्या मोजून अकरा पदार्थ खातात. वजन 58 किलोवरून 49 किलोवर आले आहे, केस गळतात, हातपाय गार असतात, दोन महिने पाळी आलेली नाही आणि दिवसभर डोक्यात अन्नाचाच विचार असतो. थायरॉइडची गोळी जुनीच आहे, ती पहाटे चालू आहे. उपचारक म्हणतात की हा ‘हीलिंग क्रायसिस’, म्हणजे बरे होताना येणारा तात्पुरता बिघाड, आहे, विषे बाहेर पडत आहेत आणि आता 21 दिवसांची शुद्धी हवी. बहीण म्हणते, सगळे सोडून दे. त्या विचारतात: ‘इतक्या जवळ येऊन थांबले तर सात महिने वाया जातील का? की मीच कुठे कमी पडते आहे?’

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर द्यायचे आहे, पण एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, म्हणून ती आधी लिहिते. 21 दिवसांची शुद्धी सुरू करू नका आणि याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणे योग्यही नाही. पण सात महिन्यांत वजनाचा सातव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग गेला आहे, पाळी थांबली आहे, अंग गार पडते आहे आणि केस गळत आहेत, या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची शंका सर्वांत आधी घ्यायला हवी. पाळी थांबण्याची आणि वजन घटण्याची इतरही कारणे असतात. तीही तपासूनच कळतील, शुद्धीने कळणार नाहीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पत्रातले मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य तेच आहे. तुम्ही कमी पडलेला नाही. सात महिने सांगितलेला एकही नियम तुम्ही मोडलेला नाही. इतके काटेकोर पथ्य करूनही प्रकृती ढासळत असेल, तर प्रश्न पथ्य करणाऱ्या माणसाला विचारायचा नसतो, पथ्याला विचारायचा असतो.

तुम्ही त्या उपचारकांकडे का गेलात आणि का टिकलात, हे मला नीट समजते. दोन वर्षे दुखणे अंगावर बाळगून फिरणाऱ्या माणसाला कोणीतरी दीड तास समोर बसवून झोपेबद्दल, कामाबद्दल, घरातल्या ताणाबद्दल विचारते, ही लहान गोष्ट नाही. पाच मिनिटांत ‘काही झालेले नाही’ असे सांगून पाठवणे हा उपचारातला दोषच आहे, आणि तो दोष तुम्हाला जाणवला यात तुमचे काहीही चुकलेले नाही. मात्र मनापासून ऐकणे हा एक गुण आहे आणि काय खावे याबद्दलचा निर्णय बरोबर असणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या गुणाबद्दल वाटणारी कृतज्ञता आपण नकळत दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो. तुमच्या पत्रात ‘त्यांच्यावर शंका घेणे म्हणजे कृतघ्नपणा’ असे एक वाक्य आहे. ते वाचताना मला हेच वाटत राहिले.

पहिल्या तीन आठवड्यांत हलके वाटले, तेही खोटे नव्हते. पण त्या तीन आठवड्यांत नेमके काय काय बदलले ते पाहा. गहू, दूध, साखर आणि कॉफी एकाच दिवशी बंद झाली, रात्रीचे उशिराचे खाणे थांबले, तुम्ही दहाच्या आत झोपू लागलात आणि आपल्या दुखण्याला कोणीतरी वाली आहे असे दोन वर्षांत पहिल्यांदा वाटले. यांतल्या कशाने गुण आला? गहू सोडल्याने, झोपेने की धीराने? सगळे एकदम बदलल्यामुळे हे आता सांगता येत नाही. सुरुवातीला भराभर उतरलेल्या दोन किलोंचेही तसेच आहे. शरीरात साखरेचा राखीव साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे कमी केले की तो साठा आणि ते पाणी आधी जाते. वजनकाट्यावर दिसते ते विष नसते, पाणी असते.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही एका ठिकाणी सात दिवस फक्त रसावर राहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळापासून मानेपर्यंत असे ठणकू लागले की मी अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडून होते. ‘उत्तम! विष सुटू लागले,’ असे मला सांगण्यात आले आणि मला त्याचा अभिमानही वाटला. वर्षभराने कळले की रोज चार कप कॉफी पिणाऱ्या माणसाने ती एकदम सोडली की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, ते एक-दोन दिवसांनी सर्वाधिक दुखते आणि नऊ दिवसांपर्यंत टिकू शकते. माझी सगळी ‘शुद्धी’ म्हणजे कॉफीची तलफ होती. त्या दिवशी कोणी मला एवढेच विचारले असते की काल आणि परवा काय सोडलेस, तर उलगडा तिथेच झाला असता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण ‘हीलिंग क्रायसिस’ हा शब्द आहे. बरे वाटले तर उपचार लागू पडतो आहे, आणि बिघडले तर विष बाहेर पडते आहे, म्हणजे पुन्हा उपचार लागू पडतोच आहे; मग तो लागू पडत नाही हे कधी कळणार? कोणत्याही उपचारकाला, मग ते कोणत्याही पद्धतीचे असोत, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा: ‘हा उपाय माझ्यासाठी चुकीचा आहे, हे आपल्याला कशावरून आणि किती दिवसांत समजेल?’ ज्याच्याकडे याचे उत्तर आहे, त्याच्याबरोबर पुढे जाता येते. ज्याच्याकडे नाही, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याच्या हाती मोजपट्टी नाही.

शरीरातील विषांबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण बाहेर टाकण्यासारखे शरीरात काहीच नसते असे माझे म्हणणे नाही. प्रथिनांच्या विघटनातून तयार होणारा अमोनिया यकृत अहोरात्र युरियात बदलत असते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. आतड्याचे आतले अस्तर दर तीन-पाच दिवसांनी नवे होते, त्यामुळे त्यावर वर्षानुवर्षांचा थर साचून राहण्याला जागाच उरत नाही. या सगळ्या कामाला प्रथिने, जीवनसत्त्वे आणि ऊर्जा लागते, म्हणजेच अन्न लागते. ‘कोणते विष, आणि ते कमी झाले हे कोणत्या तपासणीत दिसते’ असे विचारले तर बहुधा नाव मिळत नाही. शिसे किंवा पारा अंगात गेल्याची खरी शंका असेल तर त्याची रक्ततपासणी आहे आणि उपचारही आहे, पण तो रुग्णालयात होतो.

तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या खड्यांचे काय, हे तुम्ही विचारणारच. 2005 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच खड्यांची हकिगत आली होती. तेल आणि लिंबाचा रस घेतल्यावर पडलेले हिरवट गोळे एका स्त्रीने जपून डॉक्टरांकडे आणले होते. प्रयोगशाळेत पाहिले तेव्हा त्यांत पित्तखड्यात सापडायला हवे असे कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन नव्हते, कॅल्शियमही नव्हते. होती ती मुख्यतः मेदाम्ले. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबणासारखा गोळा झाला होता. तुम्ही पाहिले ते खरेच होते, फक्त ते तुमच्या पित्ताशयातून आले नव्हते.

आता तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या वहीच्या पानाबद्दल. मी ते पान बराच वेळ पाहत बसले. मधोमध रेघ, डावीकडे ‘चालते’, उजवीकडे ‘चालत नाही’. प्रत्येक पदार्थ खोडून डावीकडून उजवीकडे नेला आहे आणि शेजारी नीटस अक्षरात तारीख घातली आहे. उजवी बाजू इतकी भरली आहे की शेवटची सहा नावे समासात आडवी लिहावी लागली आहेत. पण सात महिन्यांत उजवीकडून डावीकडे परत आलेला एकही पदार्थ त्या पानावर नाही. ताई, माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे.

अन्न वर्ज्य करणे हे खरोखर औषध आहे, आणि मी ते पूर्ण आदराने म्हणते. सीलिअॅक आजारात, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजारात, गहू, बार्ली आणि राय जन्मभर सोडणे हाच उपचार आहे. औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्यात लहान मुलांना कीटोजेनिक आहार (भरपूर मेद आणि अगदी कमी पिष्ट व साखर असलेला) 1920 च्या दशकापासून दिला जात आहे. आतड्याच्या संवेदनशीलतेसाठी, म्हणजे आयबीएससाठी, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला कमी-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबणाऱ्या काही शर्करा कमी केलेला) पुष्कळांना आराम देतो. पण औषध म्हटले की मात्रा आली, मुदत आली, दुष्परिणामांवर लक्ष आले. फॉडमॅप आहाराचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक गट परत आणून पाहायचा आणि जे सोसते ते कायमचे परत घ्यायचे, हा त्या पद्धतीचा गाभाच आहे. वर्ज्य करणे हा परीक्षेचा अर्धा भाग झाला. पदार्थ परत आणल्यावर त्रास परत येतो का, हे पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही. तुमची परीक्षा सात महिने अर्धवट राहिली आहे आणि तरीही दर महिन्याला निकाल जाहीर होत आहेत.

ते 23 पदार्थ ज्या तपासणीवरून बंद झाले, ती तुमच्या वर्णनावरून रक्तातील आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची, म्हणजे रोगप्रतिकारक प्रथिनांची, दिसते. हे प्रतिपिंड तो पदार्थ पूर्वी खाल्ला गेला आहे एवढेच सांगतात, तो बाधतो असे सांगत नाहीत. युरोपातील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच अन्न न सोसण्याच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये असे स्पष्ट केले. ही खाल्लेल्या पदार्थांचीच नोंद असल्यामुळे जे आपण नेहमी खातो, नेमके तेच त्या यादीत निघते. तुमच्या यादीतील आवडीच्या पदार्थांची संख्या पाहा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात. थायरॉइडची गोळी तुम्ही पहाटे घेता, आणि शुद्धीच्या दिवसांत तंतुमय पूड व कोळसाही पहाटेच घेता. कोळसा पोटातील पदार्थ स्वतःला चिकटवून घेतो. विषबाधेत त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. पण विष कोणते आणि औषध कोणते हे त्याला कळत नाही. तंतूंच्या पुडीनेही या गोळीचे शोषण कमी होऊ शकते. गोळी अंगी लागली नाही तर थकवा, गारठा, केस गळणे, पाळीतील बिघाड हे सगळे थायरॉइडच्या कमतरतेनेही होते. तुमच्या बाबतीत हेच घडले असे मी म्हणत नाही. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना पुडीचे वेळापत्रक दाखवा, एवढेच म्हणते. हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगणे आहे की गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधे, मधुमेह व रक्तदाबाची औषधे घेत असताना कोणताही उपास, रस किंवा पूड डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. ऑक्झलेट भरपूर असलेल्या हिरव्या पानांच्या रसाचा अतिरेक केल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. मूत्रपिंडांचा आधीचा विकार असलेल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

दिवसभर अन्नाचाच विचार येतो म्हणून तुम्हाला स्वतःची लाज वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी दिल्या गेल्या. ती उपासमार वाटू नये इतकी मोठी मात्रा होती, पण ते तरुण चिडचिडे, एकलकोंडे आणि उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ते मनाचे दौर्बल्य नव्हते, भुकेल्या मेंदूचे ते साहजिक काम होते. तुमच्या नऊ दिवसांच्या रसात किती कॅलरी होत्या, हे एकदा मोजून पाहा आणि मग स्वतःला दोष द्यायचा की नाही ते ठरवा.

अन्न शुद्ध ठेवण्याची ओढ हळूहळू भीतीत बदलू शकते, आणि तिला ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव 1997 मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन यांनी दिले. ते स्वतः पर्यायी उपचार करणारे डॉक्टर होते आणि त्या ओढीतून गेलेले होते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला मी वजन देते. बहिणीच्या घरचे जेवण टाळण्यासाठी तुम्ही दोनदा आजारपणाचे निमित्त सांगितले, असे पत्रात आहे. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि जमल्यास समुपदेशकाच्याही.

मग पुढे काय करायचे? बहिणीचा सल्ला मायेचा आहे, पण सगळे एका दिवसात सोडून भरपेट जेवायला लागणे हेही धोक्याचे आहे. बरेच दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाने एकदम खूप खाल्ले तर इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते. हृदयावर त्याचा गंभीर परिणाम होऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टरांकडून या तिन्हींची, तसेच हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि खाणे किती वेगाने वाढवायचे ते त्यांना विचारा. शुद्धी आणि पुडी मात्र आजच थांबवता येतील. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज किंवा गोंधळल्यासारखे होणे यांतले काहीही झाले तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालयात जा.

गव्हाबाबत घाई करू नका, पण तो कायमचा सोडलेलाही ठेवू नका. तुमच्या मूळ तक्रारींत सीलिअॅकची शंका घेण्याजोगे पुष्कळ आहे आणि ती तपासणी गहू बंद करण्याआधी झालेली दिसत नाही. अडचण अशी की गहू बंद असताना या आजाराचे प्रतिपिंड रक्तातून कमी होतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. डॉक्टर आधी जनुकीय तपासणी सुचवतील किंवा काही आठवडे गहू खाऊन मग रक्त तपासतील. पथ्य सुरू करण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे: गहू सोडण्याआधी तपासणी, नंतर नाही.

बाकीचे पदार्थ आहारतज्ज्ञाच्या मदतीने एकेक करून परत आणा. पूर्वी एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास अडकणे असे झाले असेल तर तो घरी मुळीच आजमावू नका. इतर पदार्थ पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका घ्या आणि मग दोन-तीन दिवस थांबून पोट, सांधे, झोप यांची नोंद करा. एकदा पोट फुगले म्हणून निकाल देऊ नका. काही आठवड्यांनी तोच पदार्थ पुन्हा घेऊन पाहा. शक्य असेल तर बहिणीला असे मिसळून वाढायला सांगा की त्या दिवशी तो पदार्थ आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. मोनॅशच्याच संशोधकांनी 2013 मध्ये, गव्हातील ग्लुटेन आपल्याला बाधते अशी खात्री असलेल्या पण सीलिअॅक नसलेल्या 37 जणांवर असा अभ्यास केला, तेव्हा ग्लुटेन असलेल्या आणि नसलेल्या जेवणाने त्यांना जवळपास सारखाच त्रास झाला. त्यांची पोटे खरोखरच दुखत होती, पण धास्तीनेही पोट दुखते.

उपचारकांशी नाते तोडायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. तुम्ही त्यांना सांगू शकता की झोप, श्वसन आणि मनावरचा ताण यांवर तुमच्याबरोबर काम करायला मला आवडेल, पण आहार आता डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पाहतील. त्यांनी हे समजून घेतले, तर ज्या ऐकण्यामुळे तुम्ही तिथे टिकलात ते तुमच्याजवळ राहील. ते रागावले किंवा त्यांनी घाबरवले, तर तेही उत्तरच समजा.

आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. पाच मिनिटांत बोळवण होऊ नये म्हणून पहिल्या पानावर चारच ओळी लिहा: वजन कधी किती होते, पाळी कधी थांबली, कोणत्या पुडी कोणत्या वेळी घेतल्या आणि गहू कोणत्या तारखेपासून बंद आहे. या तारखा तुमच्याइतक्या नेमक्या कोणाकडे नसतात. सात महिन्यांतले हे वाया गेलेले नाही. बहिणीलाही बरोबर न्या, म्हणजे सांगायचे काही राहिले तर ती आठवण करून देईल. डॉक्टरांचा होकार आला की त्या पानावर उजवीकडून डावीकडे पहिला बाण काढा, आणि तो कोणत्या पदार्थाचा होता ते मला अवश्य कळवा.